अमेरिकेत डोंगराळ भाग 'राष्ट्रीय वारसा' ठरला, तर तिथल्या शेतकऱ्याच्या जमिनीचं काय होतं?

अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात काही वर्षांपूर्वी एक बातमी शेतकऱ्यांमध्ये वाऱ्यासारखी पसरली. ग्रेट फॉल्स शहराच्या आसपासचा भाग 'राष्ट्रीय वारसा क्षेत्र' जाहीर होणार आहे आणि एकदा का ते झालं, की शेतात शेड बांधता येणार नाही, विहीर खोदता येणार नाही, खतं-कीटकनाशकं वापरता येणार नाहीत. पत्रकं वाटली गेली, जाहिराती आल्या, सभा झाल्या. शेवटी २०२१ मध्ये मोंटानाने कायदाच केला की, राज्यात असं क्षेत्र करायचं तर आधी राज्याच्या विधिमंडळाची मंजुरी लागेल.

गंमत म्हणजे शेड, विहीर, खत यांपैकी कशावरही बंदी घालण्याची तरतूद या दर्जात नाहीच.

दुसरीकडे अॅपलाचियन डोंगररांगांमधल्या लोकांनी हाच दर्जा मिळावा म्हणून बरीच वर्षं खटपट केली आणि २०१९ मध्ये तो मिळवला. एकाच दर्जाला एका ठिकाणी लोक घाबरतात आणि दुसऱ्या ठिकाणी मागून घेतात, असं का? त्यासाठी आधी हा दर्जा नेमका कसला आहे ते समजून घ्यायला हवं.

वारसा क्षेत्र म्हणजे नॅशनल पार्क नव्हे

'वारसा' म्हटलं की आपल्याला युनेस्को आठवतं. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, प्रतापगडासह मराठ्यांच्या १२ किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून तर जास्तच. अमेरिकेतल्या 'नॅशनल हेरिटेज एरिया'चा, म्हणजे राष्ट्रीय वारसा क्षेत्राचा, युनेस्कोशी काही संबंध नाही. हा देशांतर्गत दर्जा आहे आणि तो अमेरिकेची संसद, म्हणजे काँग्रेस, कायदा करून देते.

नॅशनल पार्क आणि हेरिटेज एरिया यांच्यात लोकांचा सर्वाधिक गोंधळ होतो, कारण दोन्हींच्या मागे नॅशनल पार्क सर्व्हिस हेच केंद्रीय खातं आहे. पण पार्कमध्ये जमीन सरकारची असते, रेंजर असतात, नियम असतात. हेरिटेज एरियात गावं, शेतं, दुकानं, शाळा, चर्च, कारखाने सगळं जिथल्या तिथे असतं आणि ज्याचं त्याचंच राहतं. तिथे ना गेट असतं ना तिकीट. पार्क सर्व्हिस सल्ला देते, थोडा पैसा देते आणि आपलं नाव वापरू देते. प्रत्यक्ष काम एखादी स्थानिक संस्था बघते.

ही कल्पना १९८४ मध्ये आली. शिकागोजवळ १८४८ साली सुरू झालेला एक जुना कालवा होता, इलिनॉय अँड मिशिगन कॅनॉल. शिकागोच्या वाढीत या कालव्याचा मोठा वाटा, त्यामुळे तो जपायला हवा यावर एकमत होतं. पण त्याच्या काठाने गावं, कारखाने, शेती असं सगळं उभं राहिलेलं. एवढं विकत घेऊन पार्क करणं शक्यच नव्हतं. मग विकत न घेता जपायचा मार्ग शोधला गेला आणि २४ ऑगस्ट १९८४ रोजी रोनाल्ड रेगन यांनी पहिल्या वारसा क्षेत्राच्या कायद्यावर सही केली. सरकारने कमीत कमी जागी नाक खुपसावं असं मानणाऱ्या रेगन यांना ही योजना चालली, यातच तिचं स्वरूप कळतं. आता अशी ६२ क्षेत्रं आहेत.

जमिनीबद्दल कायदा काय म्हणतो?

२०१९ मध्ये एकाच मोठ्या कायद्याने सहा नवी वारसा क्षेत्रं तयार झाली, त्यात 'अॅपलाचियन फॉरेस्ट' हे एक. या कायद्यात खासगी मालमत्तेबद्दल वेगळं कलमच आहे. त्याचा सारांश असा: कोणत्याही जमीनमालकाच्या हक्काला धक्का लागणार नाही. त्याला योजनेत भाग घ्यायचा नसेल, तर न घेण्याचा हक्कही शाबूत राहील. आपल्या जमिनीवर लोकांना येऊ द्यायची सक्ती त्याच्यावर होणार नाही. जमिनीच्या वापराचे जे नियम आधी होते तेच राहतील. शिकार आणि मासेमारीचं नियमन राज्याकडेच राहील. आणि सगळ्यात महत्त्वाचं, या योजनेतून मिळालेल्या केंद्राच्या पैशातून संस्थेला जमीन विकत घेता येणार नाही.

शिकारीचा उल्लेख वाचून आपल्याला नवल वाटेल. पण वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरात हरणाची शिकार हा घराघरातला विषय आहे. डिसेंबर २०२० मध्ये याच राज्यातल्या न्यू रिव्हर गॉर्ज भागाला नॅशनल पार्कचा दर्जा मिळाला, तेव्हा शिकारीवरून बरीच चर्चा झाली. शेवटी सुमारे ७ हजार एकरच 'पार्क' झाले आणि उरलेल्या ६५ हजार एकरांना शिकार चालू राहील असा 'प्रिझर्व्ह'चा दर्जा देण्यात आला.

पण कागदावर असणं वेगळं आणि प्रत्यक्षात घडणं वेगळं. अमेरिकी सरकारच्या खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिसने, म्हणजे साधारण आपल्याकडच्या कॅगसारख्या संस्थेने, २००४ मध्ये याचा शोध घेतला. वारसा क्षेत्रामुळे कुणाच्या खासगी जमिनीच्या वापरावर किंवा किमतीवर थेट परिणाम झाल्याचं एकही उदाहरण त्यांना मिळालं नाही. अगदी या योजनेच्या विरोधकांनाही असं उदाहरण दाखवता आलं नव्हतं.

कोकणात किंवा सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना इथे पश्चिम घाटातल्या इको-सेन्सिटिव्ह झोनचा वाद आठवेल. पण ती तुलना इथे लागू होत नाही. पश्चिम घाटाच्या अधिसूचनेच्या मसुद्यात खाणी, दगड-वाळू उपसा आणि 'रेड' वर्गातले उद्योग यांच्यावर खरोखरच बंदी आहे, म्हणून तिथला वाद हा नियमांचाच वाद आहे. वारसा क्षेत्रात बंदी घालणारा नियमच नाही.

मग भीती येते कुठून?

मोंटानातल्या शेतकऱ्यांना अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. डोंगरातल्या लोकांचा केंद्र सरकारवर विश्वास नसण्यामागे इतिहास आहे.

व्हर्जिनिया राज्यातलं शेनान्डोह नॅशनल पार्क १९३५ मध्ये स्थापन झालं. ब्लू रिज डोंगरातली ही जागा रिकामी नव्हती. व्हर्जिनियाने १९२८ मध्ये खास कायदा करून जमिनी सरसकट संपादित केल्या आणि नंतर केंद्राला दिल्या. ५०० च्या आसपास कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. त्यातले कित्येक जण पिढ्यानपिढ्या त्याच जागेवर कसत होते, पण नावावर कागद नव्हता, त्यामुळे मोबदलाही नाही. धरणग्रस्तांची गाऱ्हाणी ऐकलेल्या कोणालाही ही गोष्ट ओळखीची वाटेल. शेजारच्या टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनात ग्रेट स्मोकी माउंटन्स पार्क झालं, तेव्हाही वस्त्या उठल्या. त्या गावांची जुनी चर्च आणि लाकडी घरं आता पर्यटक फोटो काढत बघतात.

खुद्द वारसा क्षेत्राच्या योजनेतही एकदा घोळ झाला होता. ॲरिझोनातल्या युमा गावी २००० मध्ये २२ चौरस मैलांचं वारसा क्षेत्र जाहीर झालं. आपली शेतं नकाशातल्या रेषेच्या आत आहेत हे अनेक शेतकऱ्यांना नंतर कळलं. केंद्राने काही केलं नाही हे खरं. पण उद्या स्थानिक प्रशासनाने हीच रेषा धरून बांधकामाचे नियम लावले तर काय, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो चुकीचा नव्हता. २००५ मध्ये काँग्रेसने ते क्षेत्र ४ चौरस मैलांवर आणलं. थोडक्यात, हा दर्जा स्वतः काही करत नाही, पण नकाशावर रेषा मात्र ओढतो. आणि एकदा ओढलेल्या रेषेचा दुसरा कोणी वापर करणारच नाही, याची हमी कोण देणार?

एका तोडलेल्या जंगलाची गोष्ट

आता अॅपलाचियन फॉरेस्टकडे येऊ. वेस्ट व्हर्जिनियातल्या १६ आणि मेरीलँडमधल्या २ अशा १८ काउंट्यांचा हा डोंगराळ पट्टा. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण वस्ती अगदी विरळ. यातल्या टकर काउंटीत २०२० च्या जनगणनेत सात हजारही माणसं नव्हती.

आज तिथे गेलं तर जंगल अनादी काळापासून असंच असावं, असं वाटतं. प्रत्यक्षात सव्वाशे वर्षांपूर्वी हे डोंगर बोडके होत चालले होते. १८८० नंतर या भागात रेल्वे पोचली आणि तिच्यामागोमाग लाकूड कंपन्या आल्या. चढावर साधं इंजिन घसरायचं, म्हणून 'शे' नावाची गिअरवर चालणारी खास इंजिनं आली. ती इतक्या तीव्र चढावर ओंडक्यांनी लादलेल्या वाघिणी ओढायची, की जंगलाचा एकही कोपरा कुऱ्हाडीच्या टप्प्याबाहेर राहिला नाही. १९०९ च्या सुमारास वेस्ट व्हर्जिनियातलं लाकडाचं उत्पादन शिखरावर होतं आणि १९२० पर्यंत जुनं जंगल जवळजवळ संपलं. तोडीनंतर उरलेल्या फांद्या-पाल्याला वणवे लागले. काही माथ्यांवर तर मातीच जळून गेली आणि खडक उघडा पडला.

त्याचे परिणाम खाली शहरांत दिसले. मार्च १९०७ मध्ये मोनोंगाहेला नदीखोऱ्यात मोठा पूर आला आणि पिट्सबर्ग शहराची प्रचंड हानी झाली. डोंगरावरचं जंगल आणि शहरातला पूर यांचा संबंध आहे, हा मुद्दा त्यानंतर जोर धरू लागला. १९११ चा वीक्स कायदा त्यातूनच आला. नद्यांच्या उगमाकडची जमीन विकत घ्यायची परवानगी या कायद्याने केंद्राला दिली. इथे १९१५ मध्ये ७,२०० एकरांची पहिली खरेदी झाली आणि १९२० मध्ये मोनोंगाहेला नॅशनल फॉरेस्ट जाहीर झालं. आता ते ९ लाख एकरांहून मोठं आहे. जंगल परत आलं, अर्थात जसंच्या तसं नाही. उंचावरचं रेड स्प्रूसचं जंगल मूळच्या मानाने फारच थोडं उरलंय आणि ते पुन्हा लावण्याचं काम अजून चालू आहे. या स्प्रूसच्या आधाराने जगणारी एक उडणारी खार १९८५ मध्ये धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेली. २००८ मध्ये तिला यादीतून काढलं, कोर्टाने परत आत घातलं आणि शेवटी २०१३ मध्ये ती एकदाची बाहेर आली.

जंगलाइतकंच माणसांचं जगणंही या लाकडाभोवती फिरत राहिलं. कॅस नावाचं गाव १९०१ मध्ये एका कागद कंपनीने आपल्या कामगारांसाठी वसवलं. १९६० मध्ये सॉ मिल बंद पडली. रूळ उखडून भंगारात जाण्याच्या बेतात होते, तेवढ्यात राज्य सरकारने ते घेतले आणि १९६३ मध्ये त्यावर पर्यटकांसाठी गाडी सुरू केली. तीच जुनी शे इंजिनं आजही धूर सोडत डोंगर चढतात आणि कामगारांच्या पांढऱ्या घरांमध्ये पर्यटक मुक्कामाला असतात.

असे तुकडे या भागात ठिकठिकाणी आहेत. हेल्व्हेशिया हे १८६९ मध्ये स्विस लोकांनी वसवलेलं खेडं. तिथे हिवाळ्याच्या शेवटी मुखवटे घालून थंडीचा पुतळा जाळतात, आपल्या होळीच्याच आसपास. रिचवुडला वसंतात 'रॅम्प्स' या रानातल्या उग्र वासाच्या पातीची जत्रा भरते. वेब्स्टर स्प्रिंग्जला लाकूड तोडण्याच्या शर्यती होतात. एल्किन्सचा वन महोत्सव १९३० पासूनचा.

मात्र हे सगळं चालवायला माणसं कमी पडत चालली आहेत. वेस्ट व्हर्जिनियाची लोकसंख्या १९५० मध्ये २० लाख होती, ती २०२० मध्ये १८ लाखांच्याही खाली आली. सत्तर वर्षांपूर्वीपेक्षा कमी माणसं असलेलं अमेरिकेतलं हे एकमेव राज्य. आधी लाकूड गेलं, मग कोळशाचं काम आटलं आणि तरुण बाहेर पडले. वारसा क्षेत्राची मागणी पुढे आली ती या पार्श्वभूमीवर. जंगल आणि लाकडाचा इतिहास हेच आपल्याकडे उरलंय, तर त्यावर चार लोकांचं पोट भरेल का, असा तो हिशेब होता.

दर्जा मिळतो कसा आणि त्यासोबत काय मिळतं?

यात कुठलं मंत्रालय वरून यादी जाहीर करत नाही. स्थानिक लोक एकत्र येतात, संस्था काढतात, या भागाचं राष्ट्रीय महत्त्व काय आणि लोकांचा पाठिंबा किती याचा अभ्यास करतात. मग आपल्या खासदारांना गाठून विधेयक आणवतात. विधेयक अडकतं, पुढच्या संसदेत पुन्हा येतं, पुन्हा अडकतं. अॅपलाचियन फॉरेस्टचं काम या शतकाच्या सुरुवातीला एल्किन्समधून सुरू झालं आणि राष्ट्राध्यक्षांची सही झाली १२ मार्च २०१९ रोजी. एवढ्या काळात पोरं शाळेत जाऊन पदवीधर होतात.

आता पैसा किती? २०१९ च्या कायद्यानुसार एका क्षेत्राला वर्षाला जास्तीत जास्त १० लाख डॉलर आणि एकूण १ कोटी डॉलर, तेही १५ वर्षांच्या मुदतीत. पण ही झाली वरची मर्यादा. हातात येणारी रक्कम दरवर्षीच्या अंदाजपत्रकावर ठरते. सगळ्या ६२ क्षेत्रांना मिळून वर्षाला ३ कोटी डॉलरच्या आसपास मिळतात, म्हणजे एकेकाच्या वाट्याला सरासरी ५ लाख डॉलरही येत नाहीत. १८ काउंट्यांमध्ये वाटले तर काय उरेल, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. त्यात या निधीला कात्री लावायचा प्रस्ताव रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट अशा दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांनी मांडलेला आहे. काँग्रेस मात्र दरवेळी तो फेटाळते, कारण जवळपास प्रत्येक खासदाराच्या ओळखीचं एखादं क्षेत्र त्यात असतंच. विरोधक याला मतदारसंघासाठी ओढून आणलेला निधी म्हणतात आणि त्यात थोडं तथ्यही आहे. अनेक वर्षं कुठल्या भागाला दर्जा द्यायचा याचे पक्के निकषच नव्हते. सगळ्या क्षेत्रांसाठी एक समान कायदा आला तो थेट जानेवारी २०२३ मध्ये.

या पैशाला एक अट आहे. केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे स्थानिकांनी एक डॉलर उभा करायचा. तो रोखच हवा असं नाही. लोकांनी विनामोबदला केलेल्या कामाचे तासही त्यात धरता येतात. म्हणजे श्रमदानालाही इथे किंमत आहे. त्यामुळे पैशापेक्षा मोठा फायदा होतो तो एका नावाखाली लोकांना जोडण्याचा. आधी संग्रहालय, रेल्वे, वनखातं, बाजारपेठेतले दुकानदार आपापलं बघत होते. आता त्यांचं माहितीपत्रक एक, अर्ज एक. एखाद्या मोठ्या देणगीदाराकडे जाताना 'काँग्रेसने मान्यता दिलेलं क्षेत्र' एवढं सांगणंही उपयोगी पडतं.

एल्किन्सच्या या संस्थेचं बरंचसं काम 'अमेरिकोर' या सरकारी सेवा योजनेतल्या तरुणांवर चालत आलं आहे. थोड्याशा भत्त्यावर वर्षभर येणारी ही मुलं जुन्या इमारती दुरुस्त करतात, झाडं लावतात, संग्रहालयं सांभाळतात. एप्रिल २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने देशभरात अमेरिकोरची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदानं अचानक थांबवली, तेव्हा अशा कामांचा पाया किती कच्चा आहे हे उघड झालं.

जे या दर्जाला जमत नाही

जो दर्जा शेतकऱ्याला शेड बांधण्यापासून रोखत नाही, तो मोठ्या कंपनीलाही रोखत नाही. ही या योजनेची दुसरी बाजू आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं.

'अटलांटिक कोस्ट पाइपलाइन' ही नैसर्गिक वायूची प्रचंड वाहिनी याच डोंगरांतून, मोनोंगाहेला जंगलातून जाणार होती. ती जुलै २०२० मध्ये कंपन्यांनी रद्द केली. पण त्याचं श्रेय वारसा दर्जाला देता येत नाही. वर्षानुवर्षं चाललेले खटले आणि फुगत गेलेला खर्च यांनी ती थांबवली. जूनमध्ये तर सुप्रीम कोर्टाने एका महत्त्वाच्या मुद्द्यावर कंपनीच्या बाजूने निकालही दिला होता.

२०२५ मध्ये पुन्हा तसाच प्रसंग आला. टकर काउंटीतल्या थॉमस आणि डेव्हिस या छोट्या गावांजवळ डेटा सेंटरसाठी वायूवर चालणारा वीजप्रकल्प येणार असल्याचं लोकांना वर्तमानपत्रातल्या कायदेशीर नोटिशीतून कळलं. ही तीच गावं, जी कोळसा आणि लाकूड संपल्यावर चित्रकार, वादक, सायकलस्वार आणि पर्यटक यांच्या जोरावर पुन्हा उभी राहिली. काहींना नोकऱ्या आणि कर हवा आहे, तर काहींना धूर, आवाज आणि पाण्याची काळजी आहे. त्याच वर्षी राज्याने नवा कायदा करून अशा प्रकल्पांबाबत स्थानिक संस्थांचे नियम लागू होणार नाहीत अशी तरतूद केली आणि ऑगस्टमध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाने प्रकल्पाला हवेसंबंधीचा परवाना दिला. या सगळ्यात वारसा क्षेत्र म्हणून कुणाला नकार देण्याचा अधिकार नव्हता. मोंटानात ज्या नकाशाची भीती पसरली, त्याच प्रकारच्या नकाशाच्या आत राहणाऱ्या टकरच्या लोकांनी मदतीची अपेक्षा ठेवली असती, तर तीही फोल ठरली असती.

कायद्यातली १५ वर्षांची मुदतही विसरून चालणार नाही. ती संपली की क्षेत्राचं नाव जात नाही, फक्त केंद्राने मदत देण्याचा अधिकार संपतो. तोपर्यंत संस्थेने स्वतःच्या पायावर उभं राहावं अशी अपेक्षा आहे. पण १९८४ पासूनचा अनुभव असा की, मुदत जवळ आली की खासदार ती वाढवून घेतात. अॅपलाचियन फॉरेस्टच्या वाट्याला अजून ती वेळ आलेली नाही.